मागें राहिलेल्याची वाट

आमच्या धांवणाऱ्यांच्या मंडळाला घटना नाहीं, वर्गणी नाहीं, अध्यक्ष नाहीं. आणि यामुळेंच कीं काय, तें चाळीसहून अधिक वर्षें भांडणावांचून टिकलें आहे. रविवारीं पहांटे साडेपांच वाजतां पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर जमावयाचें, लॉ कॉलेजच्या मागील टेकडीनें वर चढून वेताळाच्या देवळापर्यंत जावयाचें, पलीकडे पाषाणच्या अंगाला उतरून पुन्हां त्याच वाटेनें परत यावयाचें, आणि मग इराण्याच्या दुकानांत चहा घेऊन आपापल्या घरीं जावयाचें, हा आमचा कार्यक्रम. सभासदांत बँकेंतील कारकून आहेत, एक-दोन प्राध्यापक आहेत, औषधांचा एक दुकानदार आहे, आणि अलीकडे संगणकाच्या कचेऱ्यांत काम करणारीं तरुण मुलें-मुली पुष्कळ आहेत. लिहिलेला नियम एकही नाहीं. न लिहिलेला एकच आहे : शेवटचा माणूस परत आल्याखेरीज चहा सांगावयाचा नाहीं.

हा नियम नीतिशास्त्राच्या कोणत्या कलमाखालीं पडतो, हें मला पुष्कळ दिवस कळलें नव्हतें. तें कळण्याची गरजही वाटली नव्हती, कारण पुष्कळ दिवस मी शेवटचा नव्हतों. आतां माझें वय ६८ आहे, आणि गेलीं तीन वर्षें चहा माझ्यासाठीं अडून राहतो. तेव्हां या प्रश्नाचा विचार करावयास मला सवडही मिळाली आहे आणि कारणही मिळालें आहे.

प्रथम एक लहानसा आक्षेप बाजूस सारतों. ‘इतकीं वर्षें धांवून मिळविलेंत काय?’ असें माझे नातलग मला लग्नामुंजींच्या पंगतींत विचारतात. याचें प्रामाणिक उत्तर ‘कांहीं नाहीं’ असें आहे. १९८३ सालीं पुण्यांत मॅरेथॉन सुरू झाली, ती मीं पुढें अनेकदां पुरी केली. परंतु मी पोहोंचेपर्यंत पहिल्या आलेल्या गृहस्थांची आंघोळ आटोपलेली असे. मी हौशी धांवणारा आहें. हा शब्द आपल्या भाषेंत किंचित् थट्टेनेंच वापरतात. हौशी नट म्हटला कीं, ज्याची दाढी तिसऱ्या अंकांत गळून पडते तो. इंग्रजींत या अर्थाचा जो शब्द आहे त्याचें मूळ प्रेम करणें या लॅटिन धातूंत आहे, असें सांगून पुष्कळ लोक त्याचा गौरव करतात. पण त्या शब्दाचा इतिहास पाहिला तर त्यांत प्रेमापेक्षां कुंपणच अधिक आढळतें. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील उच्चभ्रू मंडळींनीं कारागीर व मजूर यांना ‘हौशी’ या पदवींतून नियमानेंच वगळलें होतें. हातानें पोट भरणाराला हौस कोठली, हा त्यांतील तर्क. पाव्हो नुर्मीसारख्या धांवणाराला १९३२ सालीं पैसे घेतल्याच्या आरोपावरून लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमधून दूर ठेवण्यांत आलें. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नांवांतून हा शब्द गळून पडला तो २००१ सालीं. याच्या उलट, ज्या डेक्कन जिमखान्यावर आम्ही जमतों त्याच्याच क्रीडास्पर्धांत अनवाणी धांवणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटांच्या मनांत हिंदुस्थानांतून ऑलिंपिकला माणसें पाठविण्याचा विचार आला, आणि १९२० सालीं अँटवर्प येथें बेळगांवकडील फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्यें १९ वे आले. कुंपण घालणारांना ही गोष्ट बरीच कांहीं शिकवूं शकली असती. असो. कोणाला बाहेर ठेवावें, या प्रश्नाचा निकाल काळानेंच लावला आहे. ज्यांना आंत घेतलें त्यांना एकत्र कसें ठेवावें, हा प्रश्न मात्र तसाच उरतो. आणि माझ्या मतें तोच अधिक कठीण आहे.

कारण धांवणें ही क्रिया मुळांतच माणसांना वेगळें करणारी आहे. भजन एकत्र म्हणतां येतें, पत्ते एकत्र खेळतां येतात. पण दहा माणसें एकत्र धांवूं लागलीं कीं पंधरा मिनिटांत त्यांचीं दहा माणसें होतात. शर्यतीला याचें कांहींच वाटत नाहीं. शर्यत त्यासाठींच असते. मंडळाला मात्र यावर उपाय काढावा लागतो. लंडनजवळ १८६८ सालीं स्थापन झालेल्या ‘थेम्स हेअर अँड हाउंड्स’ या जुन्या मंडळानें व त्याच्या मागोमाग निघालेल्या इतर मंडळांनीं शिकारीची नक्कल केली. एकानें ससा होऊन कागदाचे कपटे टाकीत पुढें पळावयाचें, बाकीच्यांनीं शिकारी कुत्रे होऊन माग काढावयाचा. पुढें या मंडळांत गतीप्रमाणें टोळ्या पाडूं लागले. प्रत्येक टोळीच्या पुढें वेग राखणारा एक असे, आणि मागें, कोणी सुटूं नये म्हणून, ‘व्हिप’ नांवाचा दुसरा असे. हें नांवही शिकारखान्यांतलेंच. मागें रेंगाळणाऱ्या कुत्र्यांना चाबूक दाखवून आणणारा तो व्हिप. दुसरा उपाय, मंदगतीच्या माणसाला आधीं सोडावयाचें व चपळाला मागून, म्हणजे सर्व जण एकदमच पोहोंचतात. तिसरा अलीकडचा. वयाप्रमाणें गतीचीं कोष्टकें तयार झालीं आहेत, आणि त्यांवरून पाहतां माझी आजची धांव माझ्या पंचविशींतल्या धांवेपेक्षां सरस ठरते. हें मीं घरीं मोठ्या आनंदानें सांगितलें, तेव्हां माझ्या मुलीनें विचारलें, “मग बाबा, हल्लीं घरी यायला एवढा उशीर का होतो?”

आमच्या मंडळाची रीत याहून साधी. ज्याला जसें धांवतां येईल तसें त्यानें धांवावें. पण एकानें आळीपाळीनें सर्वांत मागच्या माणसाच्या बरोबर राहावें, आणि बाकीच्यांनीं चहासाठीं थांबावें. त्या मागच्या सोबत्याला आम्ही पाठराखा म्हणतों. नव्या नवरीबरोबर सासरीं पाठराखीण जाते. आमच्याकडे तो मान मिशीवाल्या पुरुषांना मिळूं लागला, यावरून आरंभीं पुष्कळ विनोद झाले. ही चाल ज्यांनीं पाडली ते एका शाळेंत चित्रकला शिकवीत. त्यांना आम्ही मास्तर म्हणत असूं.

तरुणपणीं मला या चालीचा मनांतून राग येई. घामानें भिजलेल्या अंगाला पहांटेचा वारा लागत असतां, केवळ कोणी एक इसम सावकाश धांवतो म्हणून वीस मिनिटें चहावांचून बसणें, यांत मला न्याय दिसेना. मी हिशेब करीं : सात माणसांचीं वीस-वीस मिनिटें म्हणजे १४० मिनिटें, एकाच्या संथपणापायीं एवढा व्यय! शिवाय जो मागें राही त्याच्या मागें राहण्याचें कारण माझ्यापाशीं तयार असे. हा रात्रीं फार जेवतो. तो पावसाळ्यांत घरीं बसतो. तिसऱ्याला मुळीं ईर्षाच नाहीं. असें एखादें कारण सांपडलें कीं मन कसें स्वस्थ होतें! मागें पडणें हा अपघात नसून अपराध आहे असें एकदां ठरविलें, म्हणजे वाट पाहण्याचें ऋण आपोआप फिटतें.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत हेंच घडतें. हिमालयाच्या वाटेवर प्रथम द्रौपदी पडते, मग सहदेव, मग नकुल, मग अर्जुन. प्रत्येक वेळीं भीम विचारतो, ‘ही कां पडली? हा कां पडला?’ आणि युधिष्ठिर मागें वळूनही न पाहतां कारण सांगतो : हिचा पक्षपात, ह्याला बुद्धीचा गर्व, त्याला रूपाचा, त्याची बढाई. शेवटीं भीम स्वतः पडतो आणि आपलेंच कारण विचारतो. त्याला उत्तर मिळतें कीं, तूं फार खात होतास व आपल्या बळाची प्रौढी मिरवीत होतास. हीं उत्तरें खोटीं होतीं असें मी म्हणत नाहीं. पडलेल्या माणसाला त्यांचा उपयोग काय, एवढेंच मनांत येतें. नवल असें कीं, ज्यानें पत्नीकडे व चार भावांकडे वळून पाहिलें नाहीं तोच धर्मराज स्वर्गाच्या दारीं एका कुत्र्यासाठीं अडून बसतो. याचा अर्थ पंडित कसाही लावोत; धांवणाराला एक साधी गोष्ट चटकन् दिसते. कुत्रा शेवटपर्यंत बरोबर राहिला होता. जो आपल्या गतीनें येऊं शकतो त्याच्याशीं एकनिष्ठ राहणें फारसें अवघड नसतें. परंतु कथा तेथें संपत नाहीं, ही व्यासांची थोरवी. स्वर्गारोहणपर्वांत युधिष्ठिराला नरकांत आपल्या माणसांचे आवाज ऐकूं येतात. तूं येथें आहेस तोंवर तुझ्याबरोबर आलेल्या वाऱ्यानें आम्हांला सुख होतें, क्षणभर थांब, असें ते विनवितात. आणि तो थांबतो, देवदूताला परत पाठवितो. या वेळीं तो कोणाचेंही कारण सांगत नाहीं. मला हा दुसरा प्रसंग पहिल्याची दुरुस्ती वाटतो. जाणत्यांना तसें वाटत नसल्यास माझा आग्रह नाहीं.

आतां जें सांगावयाचें आहे तें मीं एका माणसाखेरीज कोणापाशीं बोललेलों नाहीं.

१९८८ सालचा डिसेंबर होता. जानेवारींत एक शर्यत होती, आणि माझ्या आयुष्यांतील उत्तम गति त्या हिंवाळ्यांत माझ्या पायांत आली होती. ती पुन्हां येणार नाहीं हें मला कळत होतें. नेमका त्या रविवारीं पाठराखा होण्याचा क्रम माझा. मास्तर तेव्हां त्रेसष्ट वर्षांचे होते, आणि बहुधा तेच मागें असत. टेकडीचा पहिला चढ आम्ही बरोबर चढलों. अंधार होता, गवतावर दंव होतें. माझे पाय पुढें ओढीत होते आणि मी त्यांना आवरून धरीत होतों. वरच्या सपाटीवर पोहोंचल्यावर मीं म्हटलें, “मास्तर, मी जरा पुढें होऊं का? आज पाय मोकळे आहेत.” ते म्हणाले, “हो ना, जा. माझं काय, मी येतो सावकाश.” त्यांचें वाक्य संपण्यापूर्वीं मी दहा पावलें गेलों होतों.

त्या दिवशीं १६ किलोमीटरची ती वाट मीं १ तास १४ मिनिटांत पुरी केली. त्या वाटेवर इतक्या कमी वेळांत मी पूर्वीं कधीं धांवलों नव्हतों व नंतरही नाहीं. इराण्याकडे सर्व जण बसले होते. कोणी विचारलें, “मास्तर?” मीं म्हटलें, “येताहेत मागून.” हें शब्दशः खोटें नव्हतें. अर्धा तास गेला. मग पाऊण तास. मोबाइल फोन त्या काळीं नव्हते. शेवटीं दोघे जण परत वर गेले. दगडाच्या जुन्या खाणीजवळच्या मुरमावर पाय घसरून मास्तरांचा घोटा मोडला होता. सव्वा तास ते एका दगडावर बसून होते. गवत कापावयास आलेल्या एका बाईनें आपलें जुनेर त्यांच्या खांद्यांवर घातलें होतें. घोटा जुळला, पण सरळ जुळला नाहीं. त्यानंतर मास्तर धांवले नाहींत. मी बरोबर नव्हतों याचें कारण त्यांनीं कोणाला सांगितलें नाहीं. मीं पुढें होण्याचें ठरविलें हें मीही कोणाला सांगितलें नाहीं. सर्वांनीं असेंच समजून घेतलें कीं, अंधारांत चुकामूक झाली.

माझी डायरी आहे. तींत त्या दिवसाची नोंद आहे : अंतर, वेळ, हवा. ती नोंद खोडावी असें मला अनेकदां वाटलें, आणि प्रत्येक वेळीं हात थांबला. कारण ती वेळ खरी आहे, आणि तिचा मला अभिमान वाटत नाहीं असें म्हटलें तर तें दुसरें असत्य होईल.

माझ्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे, आणि तें मीं स्वतःशीं पुष्कळ वेळां बोललोंही आहें. मीं परवानगी मागितली होती. ती मिळाली होती. रोमन कायद्यापासून चालत आलेलें एक तत्त्व आहे कीं, ज्याची संमति असते त्याचा अपकार होत नाहीं. मास्तर लहान मूल नव्हते. त्यांच्या ‘जा’ या शब्दाचा अर्थ ‘जा’ असा न घेतां, यांना सोबत हवीच आहे असें मीं परस्पर ठरविलें असतें, तर तो त्यांचा अपमान झाला नसता काय? वृद्धांच्या शब्दाला किंमत न देतां त्यांचें हित करणारे लोक मला स्वतःला आज मुळींच आवडत नाहींत. हा युक्तिवाद मला अजूनही निर्बळ वाटत नाहीं.

पण मीं प्रश्न कसा विचारला होता? माझ्या प्रश्नाला ‘नको’ म्हणावयाचें तर मास्तरांना ‘मला एकट्याला भय वाटतें’ किंवा ‘मला तुझी गरज आहे’ असें कबूल करावें लागलें असतें. आणि तेंही अशा तरुणापुढें, ज्याचे पाय मोकळे आहेत. ज्या प्रश्नाचें एकच उत्तर मानानें देतां येतें तो प्रश्न नव्हे. सावकारानें दिलेल्या कागदावर कुळानें आंगठा उठवावा, तशी ती संमति होती. शिवाय मला मागें ठेवलें होतें तें एकट्या मास्तरांनीं नव्हे. दुकानांत बसलेल्या सात माणसांनीं आपापलीं वीस मिनिटें माझ्या भरंवशावर ठेवलीं होतीं. त्यांचें येणें माफ करण्याचा अधिकार मास्तरांना तरी कोठून असणार?

एक विचार याहूनही त्रास देतो. मास्तर पडले नसते तर? तर ते दहा-पंधरा मिनिटांनीं हंसत आले असते, चहा आला असता, आणि मी ही गोष्ट विसरूनही गेलों असतों. माझें कृत्य दोन्ही प्रसंगीं तेंच. मुरमाचा एक दगड तेवढा इकडचा तिकडे. मग दोष त्या दगडावर अवलंबून राहिला कीं काय? मला वाटतें, दोष तितकाच राहिला असता. मला तो कळला मात्र नसता. असे न कळलेले किती असतील याचा हिशेब माझ्या डायरींत नाहीं.

आमच्या मंडळांत जॉन लँडीची गोष्ट फार आवडीनें सांगतात. १९५६ सालीं मेलबर्नला ऑस्ट्रेलियाच्या अजिंक्यपदाच्या एक मैलाच्या शर्यतींत रॉन क्लार्क हा तरुण धांवणारा पडला. मागून येणाऱ्या लँडीनें त्याच्यावरून उडी घेतली, त्याच्या बुटाचे खिळे क्लार्कला लागले. लँडी हा त्या वेळीं मैलाच्या विक्रमाचा धनी. तो थांबला, परत आला, त्यानें क्लार्कची विचारपूस केली. मी ठीक आहें, तूं धांव, असें क्लार्कनें सांगितल्यावर पुन्हां धांवूं लागला, आणि ४ मिनिटें ४.२ सेकंदांत शर्यत जिंकला. ही गोष्ट ऐकून सर्वांचे डोळे पाणावतात. मला मात्र तिच्या शेवटाची अडचण वाटते. लँडी हरला असता तर त्याचा पुतळा उभा राहिला असता कीं नाहीं, कोण जाणे! त्यालाही ‘जा’ असेंच सांगण्यांत आलें होतें, आणि तोही गेला. त्या दृष्टीनें आमच्या दोघांत भेद नाहीं. भेद आहे तो एवढाच कीं, त्यानें परत येऊन, पडलेल्याच्या तोंडाकडे पाहून तें उत्तर ऐकलें. मी मास्तरांकडे पाठ करून ऐकलें होतें.

मास्तर पुढें पंधरा वर्षें दर रविवारीं इराण्याकडे येत राहिले. काठी टेकून बसत, चहाचे पैसे गोळा करीत, आणि शेवटचा माणूस येईपर्यंत दाराकडे तोंड करून असत. १९९९ च्या सुमारास एकदां आम्ही दोघेच आधीं पोहोंचलों होतों. मीं धीर करून सर्व सांगितलें : तुम्हांला सोडून गेलों तें माझ्या घड्याळासाठीं, चुकामूक वगैरे कांहीं नव्हतें. ते थोडा वेळ बशींतल्या बनमस्क्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “किती वेळ लावलास रे त्या दिवशी?” मीं सांगितलें. ते म्हणाले, “एक चौदा? टेकडी धरून? वा!” आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो खरा होता, याविषयीं मला संशय नाहीं. त्यांनीं मला क्षमा केली असती तर तिचें काय करावयाचें तें मला कळलें असतें. या आनंदाचें काय करावें हें २००३ सालीं ते गेले तेव्हांही मला कळलें नव्हतें. त्या सकाळीं मला ‘जा’ म्हणतांना त्यांना खरोखरच मीं जावें असें वाटत होतें काय? चित्रकलेचा मास्तर; स्वतःला न येणारी रेघ मुलाच्या हातून उमटली कीं खुलणारा. तसेंही असेल. किंवा नसेल.

आतां त्या शब्दाच्या या बाजूला मी उभा आहें. दर रविवारीं कोणी ना कोणी तरुण माझा पाठराखा असतो. चढावर मला बोलतां येत नाहीं, म्हणून तो एकटाच बोलतो. आणि मधूनमधून, मला दिसणार नाहीं अशा बेतानें, मनगटाकडे पाहतो. ‘तूं हो पुढें’ हें वाक्य माझ्या ओठांवर नेहमींच असतें. त्यांत काय काय असतें तें आंतून पाहिल्यावर मी थक्क झालों आहें. थोडी माया असते. बराच अभिमान असतो. दुसऱ्याच्या वेळेचें ओझें अंगावरून उतरावें ही इच्छा असते. आणि अगदीं तळाशीं, हा जातो कीं राहतो पाहूं, अशी एक परीक्षाही असते, जिची मला लाज वाटते. हें सर्व एकाच शब्दांत, एकाच श्वासांत! त्यांतील कोणता अंश ऐकणारानें खरा धरावा?

गेल्या हिंवाळ्यांतली गोष्ट. पाठराखी म्हणून एक पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी होती. तिची शर्यत जवळ आली होती, हें मला ठाऊक होतें. तिच्या हातांतलें घड्याळ अंतर, गति, छातीचे ठोके, सर्व कांहीं मोजतें, आणि त्या दिवशीं तें काय सांगत असेल याची मला कल्पना होती. खाणीच्या अलीकडे चढ सुरू झाला. मीं म्हटलें, “तूं हो पुढें. मी येतो सावकाश.”

ती थांबली. थांबली म्हणजे खरोखरच थांबली, वळून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “काका, खरंच?”

उत्तर देण्याइतका दम त्या वेळीं माझ्यापाशीं नव्हता. चढ चालू होता.